ओर्व्हिएतो कसं पाहावं: आधी खडक, मग पाणी, मग दुओमो

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावर, पालिया नदीच्या खोऱ्यात गाडी शिरली की डाव्या खिडकीतून एक सरळसोट तुटलेला कडा दिसतो. कड्याच्या माथ्यावर अगदी काठापर्यंत घरं आहेत आणि त्या घरांवर डोकं काढून एक कॅथेड्रल उभं आहे. इटलीच्या उम्ब्रिया प्रांतातलं हे ओर्व्हिएतो. बहुतेक प्रवासी इथे तीन-चार तासांसाठी येतात, कॅथेड्रलसमोर फोटो काढतात, जेवतात आणि परततात. त्यांनी एक सुंदर इमारत पाहिली, पण गाव पाहायचं राहून गेलं.

हे गाव समजून घ्यायचं तर क्रम उलटा करावा लागतो. आधी खडक, मग पाणी, मग जमिनीखालची पोकळी आणि त्यानंतर दुओमो, म्हणजे कॅथेड्रल. इथे जे जे घडलं त्याच्या मुळाशी तीन गोष्टी आहेत: कडा चढायला अवघड आहे, दगड खोदायला सोपा आहे आणि माथ्यावर पाणी नाही. आपल्याकडे गडावर गेलेला माणूस तटबंदीच्याही आधी पाण्याची टाकी शोधतो. तीच नजर इथे कामाला येते.

खडक समजून घ्या

सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी, आज जिथे बोल्सेनाचं सरोवर आहे त्या भागातल्या ज्वालामुखींनी राख आणि तप्त चुरा ओकला. तो थरावर थर बसून घट्ट झाला. या पिवळसर-तांबूस दगडाला इथे तूफो म्हणतात. पुढे नद्यांनी भोवतालचं सगळं कापून नेलं आणि हा तुकडा मध्येच उभा राहिला: लांबी साधारण दीड किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटर उंच. कडे काही ठिकाणी ५० मीटरपेक्षा जास्त सरळ तुटलेले आहेत.

तूफोखाली मात्र चिकणमाती आहे, ज्वालामुखीच्याही आधीच्या समुद्राच्या तळाची. पावसाचं पाणी तूफोतून झिरपत खाली जातं, मातीवर येऊन अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून पाणी खाली आणि माणसं वर, हा इथला कायमचा पेच. दुसरा पेच असा, की ओली झालेली चिकणमाती मऊ पडते, काठाखालचा आधार सुटतो, खडकाला उभ्या भेगा जातात आणि मोठमोठे तुकडे कोसळतात. विसाव्या शतकात घरोघरी नळ आले, जुन्या गटारांतून पाणी गळू लागलं आणि दरडी वाढल्या. १९७८ मध्ये इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतोचा कडा आणि जवळच्या तोदी गावाची टेकडी वाचवण्यासाठी खास कायदा केला. पुढची कैक वर्षं गटारं आणि नळ नव्याने टाकणं, खडकात पोलादी सळया रोवून सिमेंट भरणं, पायथ्याचे ओढे बांधून काढणं असं काम चाललं. आज माथ्यावर जे निवांत वाटतं त्यामागे हे काम आहे.

पोचायचं कसं

रोमा तेर्मिनीहून साधी प्रादेशिक गाडी साधारण सव्वा तास घेते. फ्लॉरेन्सहून दोन तास किंवा थोडं जास्त. अतिवेगवान गाड्या वेगळ्या मार्गाने जातात, त्या इथे थांबतील असं गृहीत धरू नका. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचं 'चेक-इन' करावं लागतं. हे विसरलं तर तिकीट खिशात असूनही दंड बसू शकतो, आणि परदेशी पाहुणा म्हणून सूट मिळेल या भरवशावर राहू नये.

स्टेशन खोऱ्यात आहे. बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे फ्युनिक्युलरचं स्थानक दिसतं. दोरखंडाने ओढली जाणारी ही गाडी १८८८ मध्ये सुरू झाली. तेव्हा ती पाण्यावर चालायची: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येताना दुसऱ्या डब्याला वर ओढायचा. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० पासून विजेवर पुन्हा धावू लागली. दर दहा-पंधरा मिनिटांनी सुटते, चढ काही मिनिटांतच संपतो. वर पियात्सा काएन या चौकात उतरलं की दुओमोकडे जाणारी छोटी बस उभी असते आणि फ्युनिक्युलरच्याच तिकिटात तिचा प्रवास धरलेला असतो. या बसमध्ये लगेच चढू नका. विहीर, किल्ला आणि इट्रुस्कनांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या, देवळाचे अवशेष याच चौकाच्या अवतीभोवती आहेत. दुओमोला जाऊन पुन्हा इकडे येण्यात अर्धा तास वाया जातो.

गाडी भाड्याने घेऊन येणार असाल तर कड्याच्या पायथ्याशी, नैर्ऋत्येला, काम्पो देल्ला फिएरा हा वाहनतळ गाठा. तिथून सरकते जिने आणि लिफ्ट खडकाच्या पोटातून थेट जुन्या गावात नेतात. माथ्यावरच्या गल्ल्यांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला पट्टा आहे. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची चिठ्ठी भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते. गावात हॉटेल घेतलं असेल तर गाडीचा क्रमांक त्यांना आधी कळवून परवानगीचं विचारून ठेवा.

विहीर: गावातलं पहिलं दर्शन

सकाळी उघडताच पोत्सो दि सान पात्रित्सिओ या विहिरीत उतरा. दहा-अकरानंतर गटांच्या बसेस येतात आणि जिन्यावर गर्दी होते.

१५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेलगाम सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट तिथून निसटून डिसेंबरात ओर्व्हिएतोला आला. गाव अभेद्य होतं, पण वेढा पडला तर पाण्यावाचून शरण जावं लागलं असतं. म्हणून त्याने वास्तुकार आंतोनिओ दा सांगाल्लो (धाकटा) याला विहीर खोदायला सांगितली. काम १५३७ च्या सुमाराला, पुढच्या पोपच्या काळात पुरं झालं. क्लेमेंट तोवर हयात नव्हता.

खोली सुमारे ५४ मीटर, रुंदी १३ मीटर. खरी करामत जिन्यात आहे. एकात एक गुंफलेले दोन गोल जिने विहिरीभोवती फिरत खाली जातात, प्रत्येकाला २४८ पायऱ्या, आणि ते एकमेकांना कुठेच छेदत नाहीत. पाणी आणायला खेचरं जायची. एका जिन्याने रिकामी उतरायची, तळाशी छोटा पूल ओलांडून दुसऱ्या जिन्याने पखाली घेऊन वर यायची. समोरासमोर येऊन खोळंबा होण्याचा प्रश्नच नाही. पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत त्या खेचरांच्या पावलासाठी. आपल्या पायांना ती चाल पहिल्या वळणावर विचित्र वाटते, मग जमते. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या ७० खिडक्यांतून वरचा उजेड जिन्यात येतो.

उतरताना भिंतीकडे लक्ष ठेवा. वरचा भाग सरळ तूफोत कोरलेला आहे. पुढे दगड संपून विटांचं बांधकाम लागतं. चिकणमाती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, तिला अस्तर द्यावं लागतं. आधी वाचलेली खडकाची रचना इथे डोळ्यांसमोर उभी कापलेली दिसते.

अर्धा-पाऊण तास धरा. तळाशी दमट आणि गार असतं, ऐन उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी हलकं हवं. पायऱ्या ओलसर असतात. गुळगुळीत तळाच्या चपला टाळा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी जपून ठरवावं, कारण उतरलं की तेवढंच चढावं लागतं, मधून परतायची सोय नाही. वरून, कठड्यापाशी उभं राहूनही विहिरीची कल्पना पुरेशी येत नाही. तळाच्या पुलावरून वर बघितल्यावरच ती येते.

बाहेर आलात की शेजारीच बेल्व्हेदेरेच्या देवळाचा चौथरा आहे. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातलं इट्रुस्कन देऊळ. मागे तीन गाभारे होते, त्यांच्या पायाच्या रेषा आणि समोरच्या पायऱ्या उरल्या आहेत. दहा मिनिटं पुरतात. चौकापलीकडची आल्बोर्नोसची गढी १३६४ ची, कार्डिनल आल्बोर्नोसने पोपची सत्ता बसवण्यासाठी उभारलेली. आत आता बाग आहे, प्रवेश मोफत, आणि पालिया खोऱ्याचा सगळा पट्टा इथून दिसतो.

पोटातलं गाव

आता बसने किंवा कोर्सो काव्हूर या मुख्य रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं हलका चढ चालत दुओमोच्या चौकात या. दुओमोत मात्र इतक्यात जाऊ नका. चौकातल्या माहिती केंद्राजवळून जमिनीखालच्या गुहांच्या मार्गदर्शित फेऱ्या सुटतात. इंग्रजी फेरी सहसा अकराच्या आसपास असते. वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा, सुट्टीच्या दिवसांत जागा आधीच घ्या. स्वतःहून या गुहांत जाता येत नाही.

या छोट्याशा पठाराखाली सुमारे १२०० गुहा नोंदवल्या गेल्या आहेत. घराचा दगड काढण्यासाठी खाली खणायचं आणि झालेली पोकळी कोठार, चक्की, तळघर म्हणून वापरायची, असं अडीच हजार वर्षं चाललं. फेरीत तीन गोष्टी नीट न्याहाळा.

पहिली, इट्रुस्कन विहिरी. माणूस जेमतेम मावेल अशा आयताकृती, साधारण ८० सेंटिमीटर बाय १२० सेंटिमीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत पाय ठेवायला खाचा कोरल्या आहेत, एकावर एक, खाली अंधारात जाईपर्यंत. खोदणारा पाय ताणून त्या खाचांवर उभा राहायचा आणि खालचा दगड फोडत उतरायचा.

दुसरी, कबुतरखाने. भिंतीभर चौकोनी कोनाड्यांच्या ओळी आणि कड्याच्या बाजूला एक झरोका. कबुतरं झरोक्यातून बाहेर जाऊन खोऱ्यात चरायची, परत येऊन कोनाड्यात अंडी घालायची. पाळणाऱ्याला दाणा घालावा लागत नसे आणि वेढ्यातही मांस मिळत राही. आजही गावातल्या खानावळींत कबुतराचा पदार्थ असतो, त्याचं मूळ इथे आहे.

तिसरी, तेलाची घाणी. ऑलिव्हचं तेल थंडीत गोठतं. गुहेत वर्षभर तापमान पंधरा अंशांच्या आसपास राहतं, म्हणून घाणी खाली. वाइनचंही तेच.

फेरी साधारण तासाची असते, जिने अरुंद आहेत. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी त्याऐवजी पश्चिमेकडच्या व्हिया देल्ला काव्हावरची पोत्सो देल्ला काव्हा ही ३६ मीटर खोल विहीर आणि तिच्या भोवतीच्या गुहा स्वतःच्या गतीने पाहाव्यात.

इट्रुस्कन शहराचं काय झालं

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: आजचं गाव मध्ययुगीन आहे, पण पाया इट्रुस्कन शहराचा आहे. व्हेल्झ्ना हे त्याचं नाव, रोमन लोक व्होल्सिनी म्हणत. इट्रुस्कनांच्या बारा प्रमुख नगरांपैकी ते एक होतं. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात तिथल्या मुक्त झालेल्या गुलामांनी सत्ता हाती घेतली, जुन्या सरदारांनी रोमला मदतीला बोलावलं, आणि २६४ साली रोमनांनी शहरच उद्ध्वस्त केलं. उरलेल्या लोकांना बोल्सेना सरोवराकाठी नव्या वस्तीत हलवलं. दोन हजार ब्राँझ पुतळ्यांच्या लोभापायी रोमने हल्ला केला, असा आरोप पुढे प्राचीन काळातच झाला होता.

त्यामुळे माथ्यावर इट्रुस्कन इमारती शोधत बसू नका. ते शहर पाहायचं तर तीन ठिकाणी: गुहांत, दुओमोसमोरच्या फाइना संग्रहालयात आणि कड्याच्या उत्तरेला खाली असलेल्या क्रोचिफिस्सो देल तूफोच्या स्मशानभूमीत. तिथे कबरींच्या सरळ गल्ल्या काटकोनात मिळतात, कबरी जवळपास सारख्या आकाराच्या, चुना न वापरता रचलेल्या दगडांच्या. प्रत्येक दारावरच्या पट्टीवर उजवीकडून डावीकडे कोरलेलं नाव आहे: 'मी अमक्याची' अशा धाटणीत कबर स्वतःच बोलते. या नावांत काही परकी वळणाचीही आहेत. बाहेरून आलेली माणसं इथे घराणी स्थापून नांदली होती. सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरं ठळक उठतात, दुपारी डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतात.

दुओमो: पाहायचा क्रम

दुओमोसाठी दोन वेळा राखून ठेवा. आतला भाग दुपारी, दर्शनी भिंत संध्याकाळी. दर्शनी बाजू नैर्ऋत्येला तोंड करून आहे. सूर्य कलायला लागला की मोझेकमधलं सोनं पेटतं. सकाळी तीच भिंत सावलीत फिकट दिसते, आणि सकाळी येऊन दुपारी परतणारे नेमके हेच गमावतात.

पायाचा दगड १३ नोव्हेंबर १२९० रोजी पोप चौथ्या निकोलसच्या हस्ते बसला. त्यामागची कथा १२६३ ची आहे. बोहेमियाहून आलेला, श्रद्धा डळमळलेला एक पाद्री बोल्सेनाला पूजा करत असताना पवित्र भाकरीतून रक्त ठिबकून वेदीवरचं वस्त्र भिजलं, असं मानलं गेलं. पोप चौथा अर्बन तेव्हा ओर्व्हिएतोतच मुक्कामाला होता; ते वस्त्र त्याच्याकडे आणलं गेलं. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १२६४ रोजी, त्याने इथूनच फर्मान काढून कॉर्पुस क्रिस्तीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा, सण सगळ्या चर्चसाठी लागू केला. गोव्यातल्या चर्चांमध्ये आजही हा सण पाळला जातो, त्याचा हुकूम या कड्यावरून सुटला होता.

आधी इमारतीच्या बाजूने एक चक्कर मारा. बाजूच्या भिंतींवर काळे-पांढरे आडवे पट्टे आहेत: काळा बेसाल्ट, म्हणजे सह्याद्री ज्या जातीच्या दगडाचा आहे तोच, आणि पांढुरका ट्रॅव्हर्टाइन. मग समोर या.

१३०९ च्या सुमाराला इमारतीत धोका दिसू लागला म्हणून सिएनाहून लोरेन्त्सो माइतानीला बोलावलं गेलं. १३३० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो इथला मुख्य कारागीर होता आणि दर्शनी भिंतीचा घाट त्याचा आहे. नजर आपोआप वरच्या मोझेककडे जाते, पण सुरुवात तळातल्या चार रुंद खांबांवरच्या संगमरवरी शिल्पपट्टांपासून करा; ती चौदाव्या शतकातली अस्सल आहेत. मोझेक वारंवार बदलले गेले, आजचे बरेचसे नंतरच्या शतकांतले. जुना एक तुकडा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

खांब डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक खांब खालून वर वाचायचा. पहिल्यावर सृष्टीची उत्पत्ती: झोपलेल्या आदमच्या कुशीत देव हात घालतो आणि बरगडी काढतो, ती बोटं आणि ती त्वचा अगदी जवळून पाहा. दुसऱ्यावर येशूचं कूळ आणि भविष्यवाण्या, तिसऱ्यावर त्याचं आयुष्य, चौथ्यावर अखेरचा न्याय. वेळ कमी असेल तर पहिला आणि चौथा. चौथ्याच्या तळाशी शवपेट्यांची झाकणं उचलून माणसं बाहेर पडताहेत आणि शेजारी शापितांचा गुंता आहे, एकमेकांत अडकलेले हातपाय. वरच्या काही भागांत छिन्नीचे घाव तसेच दिसतात, कारण ते घासून पुरे झालेच नाहीत. शिल्प कसं घडत जातं याचे टप्पे त्यामुळे एकाच भिंतीवर पाहायला मिळतात.

आत जायचं तिकीट दारावर नाही, चौकातल्या खिडकीवर मिळतं. आधी दाराशी रांग लावून मग तिकडे धावणारे रोज दिसतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी आणि सणांच्या सकाळी पूजा चालू असते, पर्यटकांना दुपारी प्रवेश मिळतो. एकाच दिवसाची सहल असेल तर रविवार टाळा.

आत डोळे सरावू द्या. खालच्या खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तुकडे आहेत, म्हणून उजेड मधासारखा पसरतो. मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना बारा शिष्यांचे मोठे पुतळे आहेत. १८९७ मध्ये ते हटवले होते, २०१९ मध्ये परत आले. त्यांच्यासोबत फ्रान्चेस्को मोकीचे देवदूत आणि मेरी हे दोन पुतळेही परतले. देवदूताच्या वस्त्राची घडी वाऱ्यात सापडल्यासारखी आहे. वेदीजवळ इप्पोलितो स्काल्त्साचा १५७९ चा चार आकृत्यांचा समूह एकाच दगडातून काढलेला आहे.

डाव्या हाताच्या चॅपेलमध्ये ते रक्ताळलेलं वस्त्र आहे. त्याच्यासाठी सिएनाच्या उगोलिनो दि व्हिएरी या सोनाराने १३३७-३८ मध्ये घडवलेली, मीनाकारी केलेली पेटी दुओमोच्याच दर्शनी भिंतीच्या आकाराची आहे.

उजव्या हाताचं सान ब्रित्सिओ चॅपेल मात्र या गावाला येण्याचं स्वतंत्र कारण आहे. १४४७ मध्ये फ्रा आंजेलिकोने छताचं काम सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. पन्नास वर्षांनी, १४९९ ते १५०४ या काळात लुका सिन्योरेल्लीने ते पुरं केलं आणि भिंती रंगवल्या. विषय जगाचा अंत. पाहायचा क्रम असा ठेवा: दारातून शिरताच डाव्या हाताला ख्रिस्तविरोधकाचं (जगाच्या अंती येणाऱ्या खोट्या येशूचं) प्रवचन, दाराच्याच कमानीवर, मागे वळून, जगाचा शेवट, उजव्या हाताला मृतांचं पुनरुत्थान, त्यापुढे शापित, समोरच्या भिंतीवर एका बाजूला नरक, दुसऱ्या बाजूला स्वर्गाची वाट, आणि शेवटी डाव्या भिंतीवर निवडलेले.

पहिल्या चित्रात चौथऱ्यावर उभा असलेला माणूस येशूच वाटतो. नीट पाहिलं की मागून सैतान त्याच्या कानाशी लागलेला दिसतो, आणि सैतानाचा हात त्याच्याच अंगरख्यातून बाहेर आल्यासारखा वाटतो. डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत दोन माणसं निश्चल उभी आहेत: पुढे सिन्योरेल्ली स्वतः, मागे फ्रा आंजेलिको. पुनरुत्थानात काही जण जमिनीतून कंबरेपर्यंत वर आलेत, काहींवर अजून मांस चढलेलं नाही, ते हाडांचे सापळेच आहेत. मिकेलांजेलोने सिस्टीन चॅपेलमधला अखेरचा न्याय रंगवला तो याच्या तीसेक वर्षांनंतर. छोटी दुर्बीण जवळ असेल तर इथे तिचं सार्थक होतं. किमान पाऊण तास द्या.

बाहेर आल्यावर व्हिया देल दुओमोच्या तोंडाशी माउरित्सियोचा मनोरा आहे. त्याच्यावरचा ब्राँझचा माणूस हातोड्याने घंटा वाजवतो. १३४८ च्या सुमाराला तो बसवला तो दुओमोवरच्या मजुरांच्या कामाचे तास मोजण्यासाठी.

पश्चिमेचं टोक आणि कड्याची प्रदक्षिणा

गावात रात्र काढणार असाल तर दुसरी सकाळ पश्चिम टोकाला द्या. तोर्रे देल मोरो हा ४७ मीटर उंच मनोरा वाटेत लागतो. लिफ्ट काही भागच नेते, पुढे पायऱ्या आहेत. वरून गावाची रचना एका नजरेत कळते. पियात्सा देल पोपोलोत गुरुवारी आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो, फळं आणि चीज तिथे घ्यावं. सांत आंद्रेआचं चर्च त्याच्या बारा कोनांच्या मनोऱ्यावरून ओळखता येतं. गल्ल्या उतरत सान जोव्हेनालेपर्यंत जा. १००४ मध्ये स्थापलेलं, भिंतीवर जुनी चित्रं, आणि बाहेर थेट कड्याची कड. दुओमोपासून अवघ्या पंधरा मिनिटांवर, पण इथवर फार थोडे येतात.

पोर्ता माज्जोरे या जुन्या वेशीतून खाली उतरलं की कड्याच्या पायथ्याने जाणारी वाट मिळते. पूर्ण फेरा सुमारे ५ किलोमीटर, दीड ते दोन तासांचा. अर्धाच करायचा असेल तर उत्तरेची बाजू घ्या: सावली जास्त, आणि वाटेवरच क्रोचिफिस्सो देल तूफो. तिथून पुढे पियात्सा काएनला वर चढता येतं. पावसानंतर वाट निसरडी होते. पाणी बरोबर ठेवा, पायथ्याला दुकानं नाहीत.

खाणं

उम्ब्रिकेल्ली ही जाड, हाताने वळलेली, अंडं न घालता पीठ-पाण्याची शेवई इथली खासियत. शाकाहारी असाल तर ट्रफलसोबत (जमिनीखाली वाढणारी सुवासिक अळंबी) किंवा टोमॅटो-लसणाच्या रश्शात मागा, आणि 'सेन्त्सा कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', म्हणा. टोमॅटोच्या रश्शातही डुकराच्या गालाचे तुकडे असू शकतात. लुमाकेल्ले हे गोगलगाईच्या आकाराचे खारे पाव दिसायला साधे असले तरी आत चीजबरोबर डुकराचं मांस असतं. रोजचा पाव बिनमिठाचा. तो शिळा किंवा बिघडलेला नाही, या भागात तसाच करतात.

ओर्व्हिएतोची पांढरी वाइन ग्रेकेत्तो आणि त्रेब्बियानो द्राक्षांची. बाटलीवर 'क्लास्सिको' असेल तर ती गावाभोवतीच्या जुन्या पट्ट्यातली. शतकानुशतकं ती किंचित गोड असायची. चित्रकार सिन्योरेल्लीच्या करारात पैशांबरोबर वाइनचाही हिस्सा होता. कोरडी हवी तर 'सेक्को', गोडसर हवी तर 'आब्बोक्कातो'. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. तीन वाजता पोचलात तर स्वयंपाकघरं बंद असतात आणि बरीच दुकानंही चारपर्यंत उघडत नाहीत.

कधी जावं, कधी नाही

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. नोव्हेंबरात खोरं धुक्याने भरलेलं असताना गाव बऱ्याचदा उन्हात असतं, पण एखादे दिवशी धुकं वरही येतं. कॉर्पुस क्रिस्तीला जुन्या वेशातली मोठी मिरवणूक निघते. पाहण्यासारखी असते, मात्र खोली फार आधी घ्यावी लागते आणि त्या दिवशी दुओमो निवांत पाहणं जमत नाही. वर्षअखेरीस उम्ब्रिया जॅझचा हिवाळी महोत्सव असतो, तेव्हाही दर वाढतात.

चार-पाच ठिकाणं पाहणार असाल तर एकत्रित कार्ड स्वस्त पडतं. विहीर आणि दुओमो एवढंच असेल तर सुटी तिकिटं घ्या.

जवळच्या चिव्हिता दि बान्योरेज्योला जायचं असेल तर बस आहे, पण ती रविवारी आणि सुट्टीला धावत नाही. तेही तूफोवरचंच गाव, तीच चिकणमाती खाली. तिथे ढासळणं थांबवता आलं नाही आणि आता वर्षभर राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ओर्व्हिएतोनंतर पाहिलं तर दोन्ही अधिक कळतात.

परतताना फ्युनिक्युलरची शेवटची फेरी पाहून ठेवा, ती रात्री साडेआठच्या आसपास संपते. चुकली तर पियात्सा काएनहून बसची वेळ बघा, नाहीतर गढीजवळच्या पोर्ता रोक्काकडून खाली जाणारी पायवाट आहे. स्टेशनपर्यंत अर्धा तास लागतो. अंधारात टॉर्चशिवाय उतरू नका.